विरजण लागलेली माणसं

आमच्या कंपनीचा सत्यानाश झेंडूच्या फुलांनी केला, असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसा बापडे. ज्यांच्या घरात फिट येणारं माणूस नाही, त्यांना हसायला काय जातंय?

मी वृषाली जगदाळे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत, संशोधन विभागात पॉलिमरवर काम करत होते. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांच्या वकिलांशी एकदा हुज्जत घालून झाली, दुसऱ्यांदा घालायची हौस नाही. आम्ही तिथं काडी बनवायचो. आगपेटीतल्या काडीच्या अर्ध्याएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी. डॉक्टर ती दंडाच्या कातडीखाली सरकवायचे आणि वर एक टाका घालायचे. मग वर्षभर ती आतल्या आत विरघळत राहायची आणि तिच्यात मिसळलेलं फिटचं औषध अगदी एकसारखं रक्तात सोडायची. गोळी चुकली, गोळी ओकून पडली, असली भानगडच नाही. ज्यांच्यापुढं गोळ्यांनी हात टेकले होते, त्यांच्याही फिट थांबल्या.

त्यांच्यात माझी धाकटी बहीण होती. केतकी, आमची केतू. शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना पहिल्यांदा पडली, आणि मग पडतच राहिली. वडील आधीच गेलेले. आई तिच्यामागं धावता धावता गेली, आणि तिच्यानंतर मी धावू लागले. गच्चीवर जाऊ नको, पाण्याजवळ जाऊ नको, गॅसला हात लावू नको. तिशी ओलांडेपर्यंत त्या बाईनं कधी साधा चहा केला नव्हता. मी पॉलिमरमध्ये शिरले ते काही ज्ञानाच्या ओढीनं नाही. मला ही काडी पाहिजे होती.

काडी बसवून वर्ष झालं, एकही फिट नाही, तेव्हा केतूनं काय केलं असेल? गॅस पेटवला. नुसता पेटवला आणि समोर बसून रडली. मग भाकरी शिकली, पिठलं शिकली, रस्सा शिकली, आणि दौंड स्टेशनच्या मागं खानावळ काढून मोकळी झाली. रेल्वेची माणसं रांगा लावून जेवायची. दोन शेगड्या, एक मोठा तवा, आणि तव्यासमोर ती, ज्या बाईला आम्ही आयुष्यभर आगीपासून लांब ठेवलं. रोज संध्याकाळी मी कुरकुंभहून तिथंच यायचे. वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो.

"ताई, तुझ्या लॅबपेक्षा माझी शेगडी बरी," ती म्हणायची. "तुला काही जमलं तर जगाला कळायला दहा वर्षं लागतात. मला काही बिघडलं तर गिऱ्हाईक पहिल्या घासाला सांगतं."

आता जरा शास्त्र. घाबरू नका, स्वयंपाकघराच्या बाहेर जाणार नाही.

पॉलिमर म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू. आमच्या काडीत ते शिजलेल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असायचे. गुंता असला की मध्ये फटी राहतात, फटींतून पाणी शिरतं, एकेक धागा सुटा होतो आणि काडी विरघळते. पण हेच धागे जर नीट घडी घालून एकावर एक बसले, तर पाण्याला आत शिरायला जागाच राहत नाही. याला स्फटिक होणं म्हणतात. पदार्थ तोच, वजन तेच, रासायनिक सूत्र तेच. फक्त नीटनेटका झाला म्हणून निकामी. आईनं जन्मभर नीटनेटकेपणासाठी आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या होत्या, तिला हे सांगायला हवं होतं.

बरं, धाग्यांना घडी आवडते. त्यांच्या दृष्टीनं ती जास्त आरामाची अवस्था. मग ते आपणहून घडी का घालत नाहीत? कारण पहिली घडी घालणं महाकठीण. ती पडत नाही तोवर पदार्थ वर्षानुवर्षं गुंत्यातच राहतो. पण कुठंतरी एकदा एक कण जमला, की बाकीचे धागे त्याचं बघून घड्या घालत सुटतात. पातेलंभर दूध आणि चमचाभर विरजण. फरक एवढाच, की हे विरजण डोळ्यांना दिसत नाही. धुळीच्या कणाच्या शंभराव्या भागाएवढं पुरतं. केसात बसतं, शर्टाच्या शिवणीत बसतं, हवेत तरंगतं.

तो पहिला कण माझ्या लॅबमध्ये जमला. श्रावणात एक कुपी गरम पेटीत विसरून राहिली होती, ती उघडली तर आतलं पाण्यासारखं द्रावण दुधासारखं पांढरं. क्ष-किरणांखाली धरलं, तर घडी अशी की कुठल्या पुस्तकात नाही. आनंद झाला. खोटं कशाला बोलू? शोध लागला की माणूस आधी नाचतो आणि मग घाबरतो. मी दोन दिवस नाचले. मग त्यातला चिमूटभर भाग कोमट पाण्यात टाकून ठेवला. आठवडे गेले तरी ढिम्म. वितळवून बघितला, तर ज्या उष्णतेला तो वितळतो त्याच्या कितीतरी आधी आतलं औषध जळून जातं. म्हणजे एकदा हे झालं की परतीची वाट नाही.

मी थेट बेहेरे साहेबांकडे गेले. बेहेरे आमच्या कारखान्याचे प्रमुख. माणूस वाईट नाही, पण सगळ्यांना खूश ठेवायची खोड.

"साहेब, माझी लॅब बंद करा. माणसं आत जायची नाहीत, चमचासुद्धा बाहेर यायचा नाही."

"मॅडम, एवढं काय झालंय? एक कुपी नासली."

"नासली नाही. विरजली. यातला कण कारखान्यात गेला तर काडी बनायची बंद होईल."

"बरं बरं. सणवार होऊ द्या, मग बसू."

सणवार म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन पुजतो, तसे आम्ही आमची यंत्रं पुजायचो. एरवी प्रत्येक खातं आपापल्या जागी पूजा करायचं. त्या वर्षी काडी परदेशात जाऊ लागली होती, म्हणून साहेबांच्या डोक्यात आलं की सगळी खाती एक कुटुंब, सगळ्यांची पूजा एकत्र, कारखान्याच्या हॉलमध्ये. वर ड्रोननं शूटिंग. मी कपाटांना कुलूप घालून पुण्याला गेले होते, त्याच नव्या स्फटिकाचे मोठे फोटो काढून घ्यायला. टेबलावर चिमटा, चमचा आणि तराजूचं पारडं राहिलं होतं. आमच्या लॅबमधल्या लोकांना वाटलं, सगळ्यांची पूजा होणार आणि आपलीच राहणार, बरं दिसत नाही. नेलं उचलून.

परतताना बसमध्ये मी मोबाइलवर शूटिंग बघितलं. पाटावर आमचा चिमटा, त्यावर झेंडू. बेहेरे वहिनी नऊवारी नेसून एकाच करंडातून हळदकुंकू लावत निघाल्या. आधी चिमट्याला, चमच्याला, मग मिश्रणाच्या टाकीला, मग ज्या रुळांमधून काडी ओढली जाते त्या रुळांना. शेवटी लॅबच्या सामानावर वाहिलेली फुलं उचलून टाकीच्या झाकणावर वाहिली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बसमधूनच साहेबांना फोन लावला.

"अहो मॅडम, सणाच्या दिवशी कसलं अभद्र बोलता?" साहेब फोनवर म्हणाले. "उद्या सगळं धुणारच आहोत."

धुतलं की! तीनदा धुतलं. जी वस्तू पाण्यात विरघळत नाही हाच तिचा गुण, ती पाण्यानं धुतली. दिवाळीच्या आत पहिली बॅच पांढरी पडली. मग दुसरी. मग जी टाकी त्या दिवशी बंद होती आणि जिला कुणी बोटही लावलं नव्हतं, तिच्यातलाही माल पांढरा पडला. यंत्रं बदलली, फरशी उखडली, भिंती खरवडल्या. काही उपयोग नाही. कारण विरजण आता भिंतीत नव्हतं, माणसांत होतं. रोज सकाळी आम्हीच ते डब्याबरोबर घेऊन यायचो.

शेवटी कंपनीनं कुरकुंभचं दार लावलं आणि आमच्यापैकी कुणी जन्मात गेलं नसेल अशी जागा शोधली. नांदेडच्या पार टोकाला, किनवटला. नवी यंत्रं, नवी माणसं. आमच्याशी ज्यांनी हस्तांदोलनसुद्धा केलेलं नाही अशी. स्फटिकाच्या त्या पहिल्या कणाला शास्त्रात बीज म्हणतात, म्हणून आम्हा सगळ्यांना नाव मिळालं 'बीजबाधित व्यक्ती'. कँटीनमध्ये आम्ही आपसात म्हणायचो, विरजण लागलेली माणसं. पहिल्यांदा हसून म्हणायचो. मग नियम आला की बीजबाधित माणसाच्या आसपास काडी बसवायची नाही, उघडायची नाही, ठेवायचीसुद्धा नाही. टाक्यातून एक कण आत गेला तरी काडी दंडातच विरजते आणि विरघळायची थांबते. बातम्यांत आलं, आणि मग काय विचारता!

एके दिवशी केतूच्या खानावळीत एक बाई मुलाला घेऊन जेवत होती. मला ओळखणारं कुणीतरी शेजारी कुजबुजलं. बाईनं मुलाचा दंड पदराखाली झाकला आणि भरल्या ताटावरून उठली.

"आमच्या पोराला यंदा काडी बसायचीय हो," ती जाता जाता म्हणाली. "राग नका मानू."

राग कसला मानू? तिच्या जागी मी असते तर मीही उठले असते. पण केतूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिनं भाकरीचं पीठ तसंच टाकलं आणि बाहेर जाऊन रस्त्यावरून त्या बाईला ओरडली, "ही काडी हिनंच बनवलीय, माहितेय का?" मला त्या वेळी फार बरं वाटलं. इतकं बरं वाटायला नको होतं, कारण पुढची पाळी केतूचीच होती.

तिची काडी पावसाळ्याअखेर संपणार होती. कंपनीनं पुण्याबाहेर तपासणी केंद्र उघडलं होतं. मी फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिले, केतू आत गेली. तिच्या केसांवरून, मानेवरून, नखांतून कापूस फिरवला आणि तो स्वच्छ द्रावणाच्या कुपीत बुडवून ठेवला. द्रावण तसंच राहिलं तर पास. केतू बाहेर आली आणि आम्ही शेंगा खात बसलो. दुपारी केंद्राच्या डॉक्टर पटवेकर स्वतः बाहेर आल्या. बंद पिशवीतली कुपी त्यांनी लांबूनच वर धरली.

मला जवळ जायची गरजच नव्हती. तो पांढरा रंग मी झोपेतही ओळखला असता.

"तुम्ही दोघी एकाच घरात राहता," डॉक्टर म्हणाल्या. "केतकी, तुम्हाला वेगळं व्हावं लागेल. केस कापायचे, कपडे जाळायचे, दौंडची एक वस्तू बरोबर न्यायची नाही. दोन-तीन महिन्यांत कातडी स्वच्छ होते. किनवटला आमचं केंद्र आहे, तिथं काडी बसवू."

"आणि मग परत येऊ ना?" केतूनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "काडी दरवर्षी बसवायची असते."

म्हणजे कधीच नाही. रिक्षात बसल्यावर केतू हसायला लागली. "हॅट! मी नाही जायची. गोळ्या घेईन."

"गोळ्यांनी काय दिवे लावलेत ते माहितेय ना?"

"मग पडेन. पडायची सवय आहे मला."

"तव्यावर पडशील."

"तू धरशील की."

हे ती अगदी सहज म्हणाली. मी धरलं नसतं असं नाही, पण दर वेळी धरता येत नाही हे मला माहीत होतं. तिच्या भुवईवरची खूण, खांद्याचं निखळलेलं हाड, तुटलेला दात, हे सगळं मी घरात असतानाच झालेलं. आणि आता तिच्यासमोर दोन पेटत्या शेगड्या होत्या. मी आठवडाभर समजावलं, रडले, शपथा घातल्या. ती आपली भाकऱ्या थापत राहिली. "तुला टाकून मी जायची नाही, विषय संपला." तिच्या डोक्यात हे एवढंच होतं, की ताईनं सगळं आयुष्य माझ्यासाठी घातलं, आता ताईला लोक टाळतात, तर मी तरी नको टाळायला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रेमानं ही जाणार नाही. मग तिला तोडायचं मी ठरवलं.

दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली होती. ती भांडी घासत होती. मी म्हटलं, "केतू, तू जा इथनं. तुझ्यासाठी म्हणत नाही. माझ्यासाठी जा."

"म्हणजे?"

"म्हणजे मला कंटाळा आलाय. मला बघायला आले होते ते देशमाने, त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बहीण फिटची म्हटल्यावर उठले. त्यानंतर कोण आलं? कुणी नाही. आई तुझ्यामागं पळून पळून मेली, आता मला मारायची आहे का? नोकरी गेली, लोक दारात उभं करत नाहीत, आणि तुझं पुन्हा ते तोंडाला फेस आणि अंथरूण ओलं. नाही होणार माझ्याच्यानं."

ती हातातली कढई खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. पण तिच्या डोळ्यांत अजून विश्वास नव्हता. ताई नाटक करतेय, हे तिला कळत होतं. मला वाटलं, हे फसणार. आणि मग माझ्या तोंडातून निघून गेलं, "तू पडायचीस ना, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटायचं माहितेय? आज ही उठू नये."

कढईतलं पाणी सांडलेलं तिनं पुसलं. फडकं पिळलं, दोरीवर वाळत घातलं. दोन दिवसांनी न्हाव्याला बोलावून तिनं केस कापून घेतले. कमरेपर्यंतची वेणी होती तिची, आईनं वाढवलेली. किनवट केंद्रानं पाठवलेले कपडे घातले, बाकी सगळं टाकलं आणि गाडीत बसली. मी वर खिडकीत उभी होते. तिनं मान वर केली नाही.

त्या रात्री मी ओरडून ओरडून रडले. त्याच वेळी मनात म्हणतही होते, जमलं बाई, जमलं.

पुढचं सगळं मला डॉक्टर पटवेकरांच्या फोनवरून कळायचं. केतूची कुपी स्वच्छ राहिली. काडी बसली. किनवटच्या बाजारात तिनं छोटी खानावळ काढली. फिट नाही. मला किती वेळा वाटलं, फोन करावा. फोनमधून काही विरजण जात नाही. पण माझा आवाज ऐकला असता आणि तिला सगळं नाटक होतं असं कळलं असतं, तर ती पुढच्या गाडीनं परत आली असती. म्हणून नाही केला. मी दौंडलाच वरच्या खोलीत राहिले, खाली कुणीतरी मोबाइलचं दुकान टाकलं. कंपनीच्या अहवालात सगळ्याचं कारण म्हणून 'संशोधन विभागातील निष्काळजीपणा' असं छापून आलं. झेंडूचा उल्लेखसुद्धा नाही. बेहेरे साहेब अजून मला सणाला शुभेच्छा पाठवतात. माणूस वाईट नाही म्हटलं ना मी?

केतूची काडी संपायच्या महिनाभर आधी किनवटची एक बॅच पांढरी पडली.

कुठून आलं, कुणालाच सांगता आलं नाही. मालाच्या ट्रकमधून, कुणाच्या दाढीतून, पुण्याहून आलेल्या एखाद्या फाईलवरून. एवढ्या मोठ्या राज्यात माणसं फिरतात, लग्नांना जातात, एकमेकांच्या गळ्यात पडतात. पांढरी पडायचीच होती. मग परवाना घेऊन काडी बनवणारा जर्मनीतला कारखाना गेला, मग कोरियातला. जुनी, विरघळणारी काडी पृथ्वीवर कुठंच बनवता येईना. आज ना उद्या सगळं दूध विरजणार हे मला शास्त्रज्ञ म्हणून आधीच कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं. पण केतूला एक वर्ष तरी मिळेल, दोन मिळतील, तेवढ्यात आम्ही दुसरं काही शोधू, या आशेवर मी ते मनाआड केलं होतं. मिळालं एकच.

आता स्वच्छ कुणीच नव्हतं, म्हणून बाधितही कुणी नव्हतं. मला अडवणारा नियम उरला नाही. मी किनवटची गाडी पकडली.

खानावळ शोधायला वेळ लागला नाही. शेगडीसमोर एक पोक्त बाई उभी होती. केतू लांब कोपऱ्यात जमिनीवर बसून बोथट सुरीनं दुधी चिरत होती. केस खांद्यापर्यंत वाढलेले. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत पट्टी. मनगटावर फिट ओळखून जवळच्यांच्या फोनवर कळवणारा पट्टा. मला बघून ती दचकली नाही.

"ये," म्हणाली. "यमुनाबाई, ही माझी मोठी बहीण."

"हाताला काय झालं?"

"तव्यावर गेला. मागच्या महिन्यात." तिनं दुधीची फोड पाण्यात टाकली. "गोळ्या चालू आहेत. चालू आहेत म्हणजे घेते, एवढंच."

मी तिच्याजवळ खाली बसले. वर्षभर जे मनात घोळवलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. मी मुद्दाम बोलले. तुला काडी मिळावी म्हणून बोलले. तू जावंस म्हणून. त्यातलं काही खरं नव्हतं गं, केतू.

"माहितेय," ती म्हणाली.

"काय माहितेय?"

"तू नाटक करत होतीस ते. गाडीत बसायच्या आधीच कळलं होतं. मी काय खुळी आहे?"

"मग एक फोन तरी करायचास!" माझा आवाज चढला. "वर्षभर मी तिथं एकटी..."

"करणार होते. रोज करणार होते." ती सुरी पुसत होती. "देशमाने, आई, अंथरूण, ते सगळं तू ठरवून आणलेलं होतंस. ते कळत होतं. पण शेवटचं जे बोललीस, ते ठरवून आणलेलं नव्हतं. ते तुझ्याकडं आधीपासून होतं, ताई."

खोटं नव्हतं ते. शाळेत असताना, आई घरात नसताना, मधल्या घरात ही पडली होती आणि दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती. आणखीही एक-दोनदा. क्षणभरच असायचं ते. कुणाला येत नसेल असं मनात? पण हे तिला कसं सांगणार?

"जेवून घे," केतू उठता उठता म्हणाली. "यमुनाबाईंचं वरण बरं असतं..."

आणि ती तशीच मागं गेली. मला तो आवाज माहीत आहे, पडायच्या आधी घशातून निघतो तो. मी झेपावले. डोकं फरशीवर आपटायच्या आत माझा हात खाली गेला. तिला कुशीवर केलं, सुरी लांब ढकलली, गळ्याशी कपडा सैल केला. पट्टा वाजू लागला आणि खुंटीवरचा यमुनाबाईंचा फोन वाजला. माझा नंबर त्या पट्ट्यात नव्हता. तिचे दात कडकडत होते, पाय फरशीवर आपटत होते, आणि मी तिच्या कानाशी म्हणत होते, ऊठ, केतू, ऊठ गं बाई, ऊठ. दुसरं काहीच मनात नव्हतं. मी अगदी तळापर्यंत शोधून बघितलं. नव्हतं.

मग नेहमीसारखी ती गाढ झोपली. यमुनाबाईंनी गिऱ्हाइकांना वाटेला लावलं. ऊन उंबऱ्यावरून आत येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. जाग आल्यावर तिनं पाणी मागितलं. प्यायली, तोंड पुसलं, मी कोण ते ओळखलं. आणि माझ्या चेहऱ्याकडं नीट बघून तिनं विचारलं, "आत्ता काय वाटलं, ताई?"

"ऊठ, एवढंच वाटलं. आईशप्पथ, केतू. एवढंच."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या मांडीवरून डोकं उचलून भिंतीला टेकून बसली.